ताजा कलमात लिहिलेला दमा

सप्रेम नमस्कार. मी एकतीस वर्षांची असून सात वर्षांपासून नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. पहिली पाच वर्षे ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली गेली, त्यामुळे स्वतः उभे राहून बोलण्याची वेळ क्वचितच येई. स्वतंत्र काम सुरू केल्यापासून मात्र उलटतपासणीच्या दिवशी पहाटेपासूनच छाती धडधडू लागते. पुकारा झाला की हातातला कागद थरथरतो, आवाज कापतो, तळव्यांना घाम फुटतो आणि तोंडाला कोरड पडते. तयारी पक्की असते, पण साक्षीदाराला समोर दिसते ती घाबरलेली बाई. दोन महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीने तिच्या यजमानांना अर्धशिशीसाठी लिहून दिलेल्या ४० मिलिग्रॅमच्या प्रोप्रॅनोलॉलची अर्धी गोळी मला दिली. तासाभरात छाती शांत झाली, हात स्थिर राहिला. त्यानंतर मी ती आणखी तीनदा घेतली आणि आता दुकानातून पूर्ण पट्टी आणून ठेवली आहे. प्रत्येक तारखेला घेतली तर चालेल का? तिची सवय लागते का? आणि अशी गोळी घेऊन न्यायालयापुढे उभे राहणे ही एक प्रकारची लबाडी तर नव्हे?
एक वाचक, गंगापूर रोड
ता. क. लहानपणी मला दमा होता. आता विशेष त्रास नाही, थंडीत कधीतरी पंप घ्यावा लागतो एवढेच.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सहीच्या खाली लिहिले आहे, म्हणून उत्तराला सुरुवात तिथूनच करते. दवाखान्यात हा अनुभव मला नवा नाही. रुग्ण सविस्तर बोलतो, तपासून घेतो, चिठ्ठी घेऊन उठतो आणि चपला घालता घालता म्हणतो, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलंच." त्यानंतर तो जे सांगतो त्यापायी कधीकधी लिहिलेली चिठ्ठी फाडून नवी लिहावी लागते. ज्या व्यक्तीला थंडीत का होईना पंप लागतो, तिचा दमा गेलेला नसतो, तो दबा धरून बसलेला असतो. आणि अशा व्यक्तीने प्रोप्रॅनोलॉल घेऊ नये. अर्धी करून नाही, महिन्यातून एकदा नाही, अत्यंत महत्त्वाच्या तारखेलाही नाही. तुम्ही ती चारच वेळा आणि मध्ये दिवस सोडून घेतली आहे, त्यामुळे ती आजच थांबवण्यात तुम्हाला काही धोका नाही. पट्टी पर्समधून काढा, आणि कृपा करून तुमच्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या मैत्रिणीला देऊ नका.

आता याचे कारण सांगते, कारण वकिलाला नुसता आदेश दिला तर तो त्यावर अपील करतो.

भीती वाटली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात आणि मज्जातंतूंच्या टोकांतून त्याचेच भावंड नॉरॲड्रेनालिन बाहेर पडते. ही द्रव्ये शरीरभर ज्या ठरावीक जागांवर जाऊन बसतात त्यांना ग्राही म्हणतात, आणि त्यांतील एका जातीला बीटा हे नाव आहे. हृदयावर बहुतांश बीटा-एक जातीचे ग्राही असतात. त्यांवर ॲड्रेनालिन बसले की ठोके वाढतात आणि जोरकस होतात. हातापायांच्या स्नायूंवर आणि श्वासनलिकांच्या भिंतीत प्रामुख्याने बीटा-दोन असतात. स्नायूंत त्यांच्यामुळे थरथर वाढते, श्वासनलिकांत मात्र त्यांच्यामुळे नळ्या सैल होऊन रुंदावतात. तुमच्या न्यायालयाजवळच्या जुन्या सी.बी.एस. बसस्थानकावर एस.टी. लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसेच काम बीटा ब्लॉकर, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ग्राही अडवणारे औषध, करते. ॲड्रेनालिन नेहमीप्रमाणे आत शिरते, पण आसनावर आधीच रुमाल पडलेला असल्याने त्याला बसायला मिळत नाही. हृदय शांत राहते आणि हात थरथरत नाही, ते यामुळे.

अडचण अशी की प्रोप्रॅनोलॉल रुमाल टाकताना कोणतेही आसन सोडत नाही. ज्या बीटा-दोन ग्राहींमुळे दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका उघड्या राहतात, तेही ते अडवून बसते. तुमच्या पंपातील औषध बहुधा साल्बुटामॉल असेल, आणि ते याच आसनांवर बसून काम करते. म्हणजे ही गोळी दम्याचा झटका ओढवू शकते इतकेच नव्हे, तर झटका आल्यावर ज्या पंपाकडे तुम्ही धाव घ्याल त्याचाही परिणाम ती बोथट करून ठेवते. दम्याच्या रुग्णांना एकाच मात्रेनंतर गंभीर, प्रसंगी प्राणघातक झटका आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. इतकेच काय, काचबिंदूसाठी डोळ्यांत घालण्याचे टिमोलॉलचे थेंब याच जातीचे असल्याने त्यांनीही दमा उसळतो, आणि म्हणून ते लिहिण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाने दम्याची चौकशी करावी लागते. तुम्हाला चारही वेळा काही झाले नाही हे खरे आहे, पण त्या चारही वेळा बहुधा उबदार दिवसांत आल्या असाव्यात. सर्दी झालेली असताना, डिसेंबरच्या सकाळी, निफाडचा पारा एकआकडी झाल्याच्या बातम्या येत असताना याच गोळीचा परिणाम वेगळा होऊ शकतो. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. गोळी घेतलेल्या दिवशी कधी धाप लागली असती, तर रुग्णालयात पाऊल ठेवताच पहिले वाक्य "मी प्रोप्रॅनोलॉल घेतली आहे" हेच असायला हवे होते, कारण त्यावरून पुढचे उपचार बदलतात.

तुमचा पुढचा प्रश्न मी ओळखू शकते, कारण तो प्रत्येक चाणाक्ष रुग्ण विचारतो. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल या गोळ्या प्रामुख्याने हृदयाच्याच आसनांवर रुमाल टाकतात, मग त्या का नकोत? त्यांची ही निवड सापेक्ष आहे. मात्रा वाढली की रुमाल मागच्या आसनांपर्यंत जातात. हृदयविकार असलेल्या एखाद्या दमेकऱ्याला हृदयरोगतज्ज्ञ ती जोखीम तोलूनमापून आणि देखरेखीखाली घेऊ देतात, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात जीव असतो. तुमच्या दुसऱ्या पारड्यात थरथरणारा कागद आहे. आणि हात न थरथरणे हे बऱ्याच अंशी बीटा-दोन अडवल्यामुळे साधते, त्यामुळे निवडक गोळीने तुमची जी मुख्य तक्रार आहे तीच कमी भागेल.

एवढे बजावल्यानंतर गोळीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की डॉक्टरांना औषधाविषयीच आकस आहे. तसा तो मुळीच नाही. स्कॉटलंडचे सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयशूळासाठी प्रोप्रॅनोलॉल विकसित केले आणि १९८८ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हे काम होते. उच्च रक्तदाब, अर्धशिशीचा प्रतिबंध, हातांचा आनुवंशिक कंप, थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय झाल्यावरची धडधड अशा अनेक ठिकाणी ते आजही उपयोगी पडते. प्रसंगापुरत्या भीतीसाठी त्याच्या वापराकडे लक्ष वेधले ते वादकांनी. १९७७ साली लान्सेट या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात २४ तंतुवाद्य वादकांना एकदा ऑक्सप्रेनोलॉल हे याच कुळातील औषध आणि एकदा निष्क्रिय गोळी देऊन श्रोत्यांसमोर वाजवायला लावले होते, आणि औषध घेतल्यावर त्यांचे वादन सुधारलेले आढळले. तुम्ही व्हायोलिन वाजवणाऱ्याचा गज धरलेला हात कल्पनेत आणून पाहा, म्हणजे थरथर थांबण्याचे मोल कळेल. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या वादकांची १९८७ साली पाहणी झाली तेव्हा सुमारे २७ टक्के जणांनी बीटा ब्लॉकर वापरल्याचे सांगितले होते. म्हणजे तुम्ही काही जगावेगळे केलेले नाही.

यावरूनच तुमच्या लबाडीच्या प्रश्नाकडे येते. नेमबाजी आणि तिरंदाजीत हे औषध प्रतिबंधित आहे, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाला रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदके परत करावी लागली होती. तिथे ते योग्यच आहे, कारण हात किती स्थिर आहे याचीच तिथे स्पर्धा असते. न्यायाधीश तुमच्या हाताची स्थिरता मोजून निकाल देत नाहीत. ते पुरावा पाहतात आणि कायदा पाहतात, आणि गोळीने तुमच्या पक्षकाराचा पुरावा तसूभरही भक्कम होत नाही. ज्याला ही गोळी चालते आणि ज्याला डॉक्टरांनी ती लिहून दिली आहे, त्याने ती घेणे मला चष्मा लावण्याइतकेच निर्दोष वाटते. लबाडीची भाषा आपल्याकडे मनाच्या औषधांबाबतच का येते, हा वेगळाच विषय आहे. रक्तदाबाच्या गोळीबद्दल असे पत्र मला आजवर आलेले नाही, आणि इथे तर गोळी तीच आहे.

तरीही, समजा तुम्हाला दमा नसता, तरी प्रत्येक तारखेला गोळी घेण्याला मी होकार दिला नसता, आणि त्याचे कारण तुमच्या व्यवसायातच आहे. वादकाला त्याची वेळ ठाऊक असते. सातचा कार्यक्रम असेल तर तो साडेपाच-सहाला गोळी घेतो; तासा-दीड तासात तिचा जोर येतो, काही तास टिकतो आणि रात्री जेवेपर्यंत तो मोकळा होतो. तुमचा पुकारा कधी होईल हे कोण सांगणार? अकराला व्हायचा तो दुपारच्या सुट्टीनंतर होतो, समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात असल्यामुळे मागे पडतो, आणि चार वाजता कळते की साक्षीदार आलाच नाही, पुढची तारीख. गोळी सकाळी घेतली तर वेळेला ओसरलेली असते, म्हणून माणूस दुसरी घेतो. शिवाय वादकाचा कार्यक्रम महिन्यातून एखादा असतो आणि तुमची तारीख आठवड्यातून चारदा असते. प्रसंगापुरते घेतलेले औषध अशा रीतीने नकळत रोजचे होते, आणि रोजच्या बीटा ब्लॉकरचे नियम वेगळे आहेत. हातपाय गार पडणे, थकवा, नाडी मंदावणे, उठताना चक्कर, झोपेत विचित्र आणि ठसठशीत स्वप्ने हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत. आणि आठवडेच्या आठवडे घेतल्यानंतर एकदम बंद केले तर अडवून ठेवलेल्या आसनांची संख्या शरीराने दरम्यान वाढवून ठेवलेली असल्याने धडधड अधिक जोराने परतते, हृदयविकार असेल तर जीवावर बेतू शकते. रोज घेणाऱ्याने ते स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे.

सवयीबद्दल तुम्ही विचारले आहे. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांचे व्यसन जडते तसे प्रोप्रॅनोलॉलचे जडत नाही, हे खरे. पण एक सवय वेगळ्या वाटेने येते. चार तारखा गोळीवर चांगल्या गेल्या की पाचव्या तारखेचे श्रेय मन स्वतःला देतच नाही. पट्टी घरी विसरली एवढ्यानेच घाम फुटणारे लोक मी पाहिले आहेत, जरी त्या दिवशी त्यांना गोळीची गरज नव्हती.

येथे एक पोटप्रश्न आहे, आणि तो पट्टी हातात घेऊन तपासण्यासारखा आहे. आपल्या बाजारात प्रोप्रॅनोलॉलबरोबर इटिझोलामसारखे गुंगी आणणारे औषध एकत्र केलेल्या गोळ्याही मिळतात, आणि दुकानात नुसते "धडधडीची गोळी" म्हणून मागितले की कोणती हातात पडेल याचा भरवसा नसतो. अशा गोळीने खरोखर सवय लागते, लक्ष मंदावते, आणि ती घेऊन तुम्ही दुचाकीवरून कॉलेज रोडच्या गर्दीतून न्यायालयात जाणार, वर उलटतपासणी करणार. उभी लाल रेघ असलेली पट्टी चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे. तुम्हाला ती विनाचिठ्ठी मिळाली, हे त्या दुकानदाराचे चुकलेच. पण मागणारी व्यक्ती वकील होती, हेही नमूद करून ठेवते.

आता मूळ तक्रारीकडे वळू, कारण गोळी बंद केली म्हणून तुमचा हात काही आपोआप स्थिर होणार नाही. सर्वप्रथम ही भीतीच आहे का, याची खात्री करून घ्या. थंडीच्या सकाळी पंप घेऊन तुम्ही न्यायालयात जाता का? साल्बुटामॉल स्वतःच हात थरथरवते आणि धडधड वाढवते; तुमच्या काही वाईट दिवसांचा गुन्हेगार भीती नसून पंप असू शकतो. तसे आढळले तर याचा अर्थ पंप सोडावा असा मुळीच नाही. वारंवार आराम देणाऱ्या पंपाची गरज पडते म्हणजे दमा पुरेसा आटोक्यात नाही, आणि त्यासाठी श्वासनलिकांची सूज कमी करणारे नियमित औषध छातीच्या डॉक्टरांकडून सुरू करून घ्यावे. थायरॉइडची टी.एस.एच. तपासणी करा. हिमोग्लोबिन पाहा, कारण आपल्याकडच्या तरुण स्त्रियांत रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की चार जिने चढून धडधडणे हे त्यांना स्वाभाविक वाटू लागते. एक ई.सी.जी. काढा. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांत नाक मोकळे करणारा जो घटक असतो त्यानेही छाती धडधडते. आणि तारखेच्या दिवशी काही न खाता न्यायालयाबाहेरच्या टपरीवर किती कप चहा होतो, हे प्रामाणिकपणे मोजा. उपाशीपोटी तीन कप चहा प्यायलेला कोणीही माणूस साक्षीदारापुढे थोडा कापेलच.

एवढे सगळे ठीक निघाले, तर मग तुमच्या पत्रातील एका तपशिलाकडे तुमचे लक्ष वेधते. गोळीनंतर छाती शांत झाली आणि हात स्थिर राहिला, असे तुम्ही लिहिले आहे. घाम आणि तोंडाची कोरड यांचा गोळीनंतर उल्लेख नाही. माझा अंदाज आहे की ते दोन्ही तसेच राहिले, कारण घामाच्या ग्रंथी वेगळ्या रासायनिक द्रव्याच्या हुकमतीखाली असतात आणि बीटा ब्लॉकर तिथे पोचत नाही. तरीही तुमची उलटतपासणी चांगली झाली. तळवे ओले होते, तोंड कोरडे होते आणि काम उत्तम झाले, म्हणजे शरीराची लक्षणे असताना काम करता येते याचा पुरावा तुमच्याच रोजनाम्यात आहे. गोळीने तुमच्या विचारांना हात लावला नाही. तिने "पाहा, मी कापते आहे" ही बातमी मनापर्यंत जाऊ दिली नाही. बातमी थांबली की मन घाबरणे थांबते, मन थांबले की नवे ॲड्रेनालिन येत नाही. हेच चक्र गोळीविना तोडण्याचे शिक्षण म्हणजे वर्तन आणि विचार या दोन्हींवर काम करणारी मानसोपचारपद्धती, जिला सी.बी.टी. म्हणतात, आणि चारचौघांत बोलण्याच्या भीतीवर ती चांगली लागू पडते.

तिच्यात काय असते हे तुमच्या भाषेत सांगते. भीती वाटणाऱ्या प्रसंगांची चढती शिडी करायची आणि खालच्या पायरीवर पुन्हा पुन्हा उभे राहायचे, इतके की तिथे कंटाळा येऊ लागेल. तुमची सर्वांत खालची पायरी मुदतीचा अर्ज देणे ही असू शकते. मग विनाविरोध अर्जावर दोन वाक्ये बोलणे, मग छोट्या दाव्यात सरतपासणी, मग औपचारिक साक्षीदाराची उलटतपासणी, आणि त्यानंतर मुरलेला पोलीस अधिकारी. स्वतंत्र झाल्यावर तुम्ही बहुधा शिडीच्या मधल्या पायऱ्या गाळून एकदम वर चढला आहात; ज्येष्ठांच्या हाताखालच्या पाच वर्षांत त्या पायऱ्या तुम्हाला कोणी चढू दिल्या नाहीत, हा त्यांचा दोष, तुमचा नव्हे. प्रत्येक पायरीवर आधी काय होईल असे वाटते ते लिहायचे, नंतर प्रत्यक्षात काय झाले ते लिहायचे, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. "न्यायाधीशांना माझा हात दिसला" हे विधान साक्षीपुराव्यावर टिकते का, हे तुमच्याइतके नेमके कोण तपासणार? एखाद्या विश्वासू सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा आणि नंतर विचारा. स्वतःच्या आत शंभर वाटणारी थरथर बाहेरून पाहणाऱ्याला फारच थोडी दिसते, असेच बहुतेकांच्या अनुभवाला येते.

काही अगदी व्यावहारिक गोष्टीही आहेत, त्या क्षुल्लक समजू नका. सुटा कागद हाताची थरथर मोठी करून दाखवतो. प्रश्नांची यादी जाड पुठ्ठ्याच्या फाईलला लावा किंवा समोरच्या टेबलावर ठेवा. माझ्या एम.डी.च्या तोंडी परीक्षेत माझ्या हातातील क्ष-किरण फोटो इतका थरथरत होता की परीक्षकांनी तो सरळ काढून घेऊन दिव्याच्या पेटीवर लावला, आणि त्या क्षणापासून मी नीट बोलू लागले. ही युक्ती मी तिथे शिकले. पुकारा होण्याआधी काही मिनिटे श्वास नाकाने चार अंक मोजत आत घ्या आणि सहा अंक मोजत सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हा शरीराचा स्वतःचा, चिठ्ठी न लागणारा ब्रेक आहे. पहिले तीन प्रश्न शब्दशः पाठ असू द्या, कारण सर्वांत जास्त कंप पहिल्या मिनिटातच असतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा. सकाळी रिकाम्या कोर्टहॉलमध्ये जाऊन तुमच्या जागेवर उभ्या राहा आणि मोठ्याने एक वाक्य बोला. शिपाई काय म्हणेल याची चिंता करू नका, त्यांनी याहून विचित्र वकील पाहिलेले असतात.

आणि उलटतपासणीत गळाठणे म्हणजे आपण या व्यवसायाला नालायक, असा निष्कर्ष काढण्याआधी मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टरची आठवण ठेवा. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या पक्षकाराच्या बाजूने उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्यांचे डोके गरगरले, एकही प्रश्न सुचेना, आणि ते खाली बसले. घेतलेले तीस रुपये परत करून त्यांनी दुसरा वकील करायला सांगितले. पुढे ते वकिलीत आणि त्याबाहेर बरेच बोलले.

हे सर्व करून आठ-दहा आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा भीती न्यायालयाबाहेरही पसरलेली असेल, म्हणजे लग्नाकार्यात चारचौघांत जेवणे, फोनवर बोलणे, सहकाऱ्यांसोबत वकिलांच्या बाररूममध्ये बसणेही तुम्ही टाळू लागला असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तेव्हा विचार होतो तो बहुधा एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारख्या औषधांचा. ती रोज घ्यायची असतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि दम्यात ती सहसा अडचणीची ठरत नाहीत. अशा पसरलेल्या, कायमच्या चिंताविकारावर प्रोप्रॅनोलॉल उपयोगी असल्याचा पुरावा मुळातच तोकडा आहे; त्याचे क्षेत्र प्रसंगापुरतेच. नाशिकमध्ये खाजगी मानसोपचारतज्ज्ञ पुष्कळ आहेत, त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे, आणि ओळखीचे कोणी दिसेल या संकोचाने पाऊल अडत असेल तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. छाती दाटणे, बेशुद्ध पडणे किंवा श्रम न करता आपसूक सुरू होणारी अनियमित धडधड असे काही असेल तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी तपासून घ्या.

हे पत्र वाचणाऱ्या आणि दमा नसलेल्या इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण उद्या त्यांतील काही जण दुकानात जातील. वर्षातून दोनदा येणारी मुलाखत, परीक्षा किंवा भाषण यांसाठी ही गोळी वाजवी पर्याय ठरू शकते, पण तो निर्णय नाडी आणि रक्तदाब मोजून, हृदयाचे ठोके आणि सध्याची औषधे पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो. नाडी मुळातच मंद असेल, हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा असेल, किंवा व्हेरापामिल अथवा डिल्टियाझेम यांसारखे हृदयाचे किंवा रक्तदाबाचे औषध चालू असेल तर ती घातक ठरू शकते. मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उतरली की जी धडधड आणि थरथर त्यांना सावध करते तीच ही गोळी दडवते, फक्त घाम तेवढा उरतो. गर्भवती आणि स्तन्यदा मातांनी आपली स्थिती आधीच सांगावी. लिहून मिळाली तर पहिली मात्रा कार्यक्रमाच्या दिवशी न घेता आधीच्या एखाद्या सुट्टीला घरी घेऊन पाहावी. आणि ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कारण जास्त प्रमाणात पोटात गेली तर हे औषध फार वेगाने धोकादायक होते.

तुमच्यासाठी पुढचे पाऊल असे. या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घ्या. सोबत ती पट्टी न्या, पंप न्या, आणि एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: गोळी कोणत्या चार दिवशी घेतली, गेल्या थंडीत पंप किती वेळा लागला, आणि धडधड न्यायालयाव्यतिरिक्त आणखी कुठे होते. दम्याचा मजकूर कागदाच्या सर्वांत वर लिहा.